स्कॉटलंडांतील एका शेतमजुराचा माग

राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाट गातात, सरदारांच्या सनदा दप्तरांत जपून ठेवल्या जातात आणि विद्वानांचीं नांवें त्यांच्या ग्रंथांवर राहतात. पण ज्या माणसानें जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत नांगर धरला, ज्याच्या मालकीची हातभर जमीन नव्हती, आणि ज्याचें राहतें घरहि दर वर्षीं बदलत असे, त्याची आठवण कोण ठेवणार? नातवाला त्याचा चेहरा आठवतो, पणतवाला नांव ऐकून ठाऊक असतें, आणि त्याच्या पुढच्या पिढीला, असा कोणी तरी होऊन गेला असला पाहिजे, एवढेंच अनुमानानें समजतें. तीन पिढ्यांत माणूस पुसला जातो.

स्कॉटलंडांत मात्र असा पुसलेला माणूस पुन्हां हुडकून काढण्याचा उद्योग मोठ्या चिकाटीनें चाललेला आहे. गेल्या दोन-अडीच शतकांत तेथील हजारों कुटुंबें कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादि देशांत जाऊन राहिलीं. त्यांचे वंशज आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेऊं लागले म्हणजे पुष्कळांच्या मनांत प्रथम एकादा किल्ला, एकादा सरदार, एकादी रणभूमि असते. प्रत्यक्षांत अनेकांना सांपडतो तो नांगऱ्या, गाडीवान, मेंढपाळ किंवा चर खणणारा मजूर. हा शोध कसा लागतो, त्यांत काय हातीं येतें आणि काय निसटून जातें, हें पाहणें उद्बोधक आहे. कारण त्यावरून एका देशांतील गरीब माणसाचें सारें जिणें डोळ्यांपुढें उभें राहतें.

प्रथम हा मजूर राहत कसा होता, तें समजून घेतलें पाहिजे. स्कॉटलंडच्या आग्नेय भागांत पूर्व लोदियन व बर्विकशायर हे दोन परगणे शेजारीं शेजारीं आहेत. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ सालीं याच बर्विकशायरांतील लॉडर या गांवीं झाला. तेव्हां हा मुलूख मराठी वाचकांस अगदींच परका नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथें लहान लहान खातीं मोडून मोठमोठीं शेतें बनलीं होतीं. अशा शेतावर सालानें राहणाऱ्या विवाहित नांगऱ्यास ‘हाइंड’ असें म्हणत. गडी ठेवण्याचे बाजार वर्षाच्या आरंभीं भरत. तेथें मालक आणि गडी समोरासमोर उभे राहत, बोली ठरे, आणि मालक गड्याच्या हातावर विसार म्हणून एक नाणें ठेवी. तें नाणें घेतलें कीं वर्षाचा करार पक्का झाला.

मजुरी बहुतेक जिनसांत मिळे. ओटचें धान्य, जव, वाटाणे, बटाटे लावण्यासाठीं शेतांतले कांहीं तास, आणि मालकाच्या रानांत एक गाय पाळण्याची मुभा, हें तिचें मुख्य स्वरूप. रोख पैसा थोडा. घर मालकाचें असे आणि त्याचें भाडें गड्याची बायको सुगीच्या दिवसांत कापणी करून फेडी. एवढ्यानेंहि भागत नसे. गड्यानें आपल्याबरोबर शेतकामासाठीं एक बाई आणलीच पाहिजे, अशी अट असे. मुलगी किंवा बहीण मोठी असली तर ठीक. नसली तर परकी बाई पगारानें ठेवून, तिला आपल्याच एका खोलीच्या घरांत जेवूं-राहूं घालावें लागे. या पद्धतीविरुद्ध मजुरांनीं एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ ओरड केली, आणि तें शतक संपत आलें तेव्हां ती मागें पडली.

करार संपला कीं घरहि सुटे. मे महिन्यांत साल भरे, आणि त्या दिवसांत रस्त्यांवर बिऱ्हाडांच्या गाड्या लागत. बिछाना, पेटी, तवा, कोंबड्या आणि वर बसवलेलीं मुलें, असा तो संसार एका शेतावरून पांच-सात मैलांवरच्या दुसऱ्या शेतावर जाई. उत्तरेकडे अँगस आणि किंकार्डिन या भागांत रीत निराळी होती. तेथें अविवाहित गड्यांस सहा सहा महिन्यांच्या कराराने ठेवीत, आणि मे व नोव्हेंबर अशा दोन मुदती असत. हे गडी शेताच्या आवारांतील एका खोलींत एकत्र राहत. स्वतःच ओटचें पीठ कालवून खात. त्या खोलीला ‘बॉथी’ असें नांव होतें. लग्न झालेल्या गड्यास द्यावयास घर नाहीं, म्हणून कित्येकांचीं लग्नें वर्षानुवर्षें लांबणीवर पडत.

आतां असा सतत हलणारा माणूस शोधावयाचा कसा? जाणत्यांचा पहिला नियम असा कीं, जवळून दूर जावें. ठाऊक असलेल्या माणसापासून ठाऊक नसलेल्या माणसाकडे एक एक पाऊल मागें टाकावें. एकदम दोनशें वर्षांपूर्वींच्या एकाद्या नामसदृश माणसावर उडी घेणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी आजोबांना नमस्कार करून येतो.

या मागच्या प्रवासांत १८५५ हें साल म्हणजे मोठें नाकें आहे. त्या वर्षीं १ जानेवारीपासून स्कॉटलंडांत जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. तेथील मृत्यूच्या नोंदींत मृताच्या बापाचें नांव व आईचें माहेरच्या आडनांवासह नांव लिहिण्याची चाल आरंभापासून आहे. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण तिचें मोल फार. १७८० च्या सुमारास जन्मलेला एकादा म्हातारा नांगऱ्या १८५६ सालीं वारला असेल, तर त्या एका ओळींत १७५० च्या सुमारास जन्मलेल्या त्याच्या आईबापांचीं नांवें सांपडतात. एका कागदानें शंभर वर्षांचा पूल बांधला जातो. त्यांतून पहिल्या वर्षाचा, म्हणजे १८५५ चा, नमुना तर फारच तपशिलाचा होता. मृताचा जन्म कोठें झाला, विवाह कोणाशीं, मुलें कोणकोणतीं व तीं केवढीं, प्रेत कोठें पुरलें, हें सर्व त्यांत विचारलेलें असे. नोंदणी करणाऱ्यांस तें काम डोईजड झालें आणि पुढच्या वर्षापासून त्यांतले बरेच प्रश्न गळले. म्हणून शोधकर्ते आपला पूर्वज १८५५ मध्यें वारला असावा, अशी कांहींशी विपरीत इच्छा मनांत बाळगतात. अर्थात् माहिती सांगणारा मुलगा किंवा जांवई असे; दुःखाच्या घाईंत त्यानें आजीचें नांव चुकीचें सांगितल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. कागद सरकारी असला तरी आठवण माणसाचीच.

दुसरें साधन खानेसुमारीचें. १८४१ च्या जून महिन्यांतील खानेसुमारींत प्रत्येक माणसाचें नांव आहे. परंतु पंधरा वर्षांवरील माणसांचीं वयें पांचाच्या पटींत खालीं आणून लिहिलेलीं आहेत. अडतिसाचा माणूस तेथें पस्तिसाचा दिसतो. १८५१ पासून नेमकें वय आणि जन्माचें गांव हीं दोन्ही मिळूं लागतात. मजुराच्या शोधांत खरें सोनें आहे तें येथें. समजा, एका घरांत सहा मुलें आहेत आणि प्रत्येकाच्या नांवापुढें निराळ्या धर्मग्रामाचें नांव आहे. तीं नांवें वयाच्या क्रमानें नकाशावर मांडलीं म्हणजे बापाची वाट उमटते. या वर्षीं तो या शेतावर होता, दोन वर्षांनीं टेकडीपलीकडे गेला, मग पुन्हां खालीं समुद्रकांठीं आला. त्यानें रोजनिशी लिहिली नाहीं. त्याच्या मुलांच्या जन्मगांवांनीं ती लिहिली.

खानेसुमारीचे कागद शंभर वर्षें गुप्त ठेवण्याचा तेथें नियम आहे. १९२१ चे कागद त्याप्रमाणें २०२२ सालच्या अखेरीस लोकांस खुले झाले. एडिंबरोच्या रजिस्टर हाउस या भव्य इमारतीची पायाभरणी १७७४ सालीं झाली. पूर्वीं असला शोध करणाऱ्यास एडिंबरोच्या दप्तरखान्यांत समक्ष जाऊन बसावें लागे. आतां याच कागदांच्या प्रतिमा थोडें शुल्क भरून जगाच्या कोणत्याहि टोकाला घरबसल्या पाहतां येतात.

१८५५ च्या मागें गेलें कीं सरकारचा आधार सुटतो आणि धर्मग्रामांच्या जुन्या वह्यांचा लागतो. त्यांतली सर्वांत जुनी वही पर्थशायरांतील एरल गांवची असून ती १५५३ पासूनची आहे. पण सर्वच गांवांचें भाग्य असें नाहीं. कोठें पानें उंदरांनीं खाल्लीं, कोठें ओलीनें गेलीं, कोठें वर्षानुवर्षें कोणी कांहीं लिहिलेंच नाहीं. ह्या वह्या लिहिणारा बहुधा गांवचा शाळामास्तरच असे. त्याचा पगार तुटपुंजा असल्यामुळें नोंदीमागें मिळणारी दक्षिणा ही त्याची पुरवणी होती. आणि ज्याला दक्षिणा परवडत नसे, त्याच्या मुलाची नोंद राहून जाई. त्यांत १७८३ सालीं सरकारनें दर नोंदीवर तीन पेन्स कर बसविला. तो १७९४ सालीं उठला. पण मधल्या अकरा वर्षांत कित्येक गरीब बापांनीं मुलाचा बाप्तिस्मा करविला आणि नोंद टाळली.

या वह्यांचें महत्त्व गरिबांस एकदां फार कडू रीतीनें कळलें. १७९७ सालीं पार्लमेंटनें स्कॉटलंडसाठीं मिलिशियाचा कायदा केला. गांवोगांवच्या एकोणीस ते तेवीस वर्षांच्या तरुणांच्या याद्या करून चिठ्ठ्या टाकून सैन्यांत माणसें घ्यावयाचीं होतीं, आणि याद्या करण्याचें काम शाळामास्तरांकडे आलें. श्रीमंताला बदली माणूस देऊन सुटतां येई. मजुराला येत नसे. ठिकठिकाणीं लोकांनीं मास्तरांच्या घरांवर चाल करून वह्या हिसकावून घेतल्या. पूर्व लोदियनमधील ट्रॅनंट गांवीं त्या वर्षींच्या ऑगस्टच्या २९ तारखेस घोडदळानें जमावावर हत्यार चालविलें आणि दहाहून अधिक माणसें ठार झालीं. ज्या वहीमुळें आज पणतवाला पणजोबा सांपडतो, त्याच वहीमुळें आपण सरकारला सांपडूं, ही त्या पणजोबाची भीति होती.

वहींत नांव नाहीं, एवढ्यावरून कोणतेंहि अनुमान बांधूं नये, तें यासाठींच. लग्नाचेंहि तसेंच. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें वधूवरांनीं साक्षीदारांसमक्ष एकमेकांस पतिपत्नी म्हणून कबूल केलें तरी विवाह पुरा होई. पाद्री लागत नसे. १९३९ च्या कायद्यानें ती पद्धत बंद होईपर्यंत असे विवाह होत होते. तेव्हां चर्चच्या वहींत नोंद नसलेलें जोडपें अविवाहित होतें, असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय करणें होय. मृत्यूच्या नोंदी तर आणखीच विचित्र. पुष्कळ गांवीं मरणाची नोंद नसते. नोंद असते ती तिरडीवर घालण्याच्या मखमली वस्त्राच्या भाड्याची. तें वस्त्र धर्मग्रामाच्या मालकीचें असे व त्याचें भाडें गरिबांच्या पेटींत जमा होई. माणूस गेला, याचा पुरावा जमाखर्चांत राहिला. ज्याच्या घरीं तेवढेंहि भाडें नव्हतें, त्याच्या मरणाचा तोहि पुरावा नाहीं.

या दप्तरांचा आणखी एक विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. गरीब माणूस सुखानें राबत असतां त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं; तो पापांत, आजारांत किंवा दारिद्र्यांत सांपडला कीं मग लेखणी उचलली जाते. चर्चच्या पंचमंडळाचीं टिपणें याचा उत्तम दाखला आहेत. लग्नावांचून मूल झालेल्या मुलीस पंचांपुढें बोलावीत, बापाचें नांव विचारीत, आणि रविवारीं भर सभेंत वेगळ्या आसनावर बसवून तिची कानउघाडणी करीत. हा सारा जबाब टिपणांत उतरलेला असतो. ईशान्येकडील परगण्यांत अशा मुलांचें प्रमाण एकोणिसाव्या शतकांत बरेंच मोठें होतें, आणि त्याचें कारण वर सांगितलेल्या राहणींतच होतें. घर मिळाल्यावांचून लग्न नाहीं, आणि गड्याला घर मिळत नाहीं. ज्यांनीं तो जबाब लिहिला त्यांनीं तो लाज वाटावी म्हणून लिहिला. दीडशें वर्षांनीं तो वाचणाऱ्या वंशजाला मात्र त्यांत आपल्या पणजीचे तोंडचे शब्द ऐकूं येतात, आणि तिचें ऐकणारें असें तिच्या हयातींत बहुधा कोणी नव्हतें हेंहि कळतें. कांहीं कुटुंबें असलें पान सांपडलें कीं तें गुंडाळून ठेवतात. पण पूर्वजाला शोधावयास निघाल्यावर तो जसा भेटेल तसा त्याला पत्करणें, हीच खरी कुलीनता होय.

दारिद्र्याचीहि अशीच कथा. १८४५ च्या कायद्यानें स्कॉटलंडांत दर धर्मग्रामीं गरिबांची मदत पाहणारें मंडळ व तपासनीस नेमला गेला. पण धडधाकट माणसास, तो बेकार असला तरी, मदतीचा हक्क नव्हता. म्हातारपण, अपंगत्व, वैधव्य अशा कारणांनीं अर्ज आला म्हणजे तपासनीस त्याचें वय, जन्मगांव, आजार, मुलेंबाळें, आणि तो आजवर कोठें कोठें राहिला, हें सर्व लिहून घेई. कारण खर्च कोणत्या गांवानें सोसावा, हें त्यावर ठरे. गांवाचा खर्च वांचविण्यासाठीं लिहिलेली ही माहिती आज मजुराच्या चरित्राची सर्वांत भरींव सामग्री ठरली आहे.

नांवांच्या चालीचाहि मोठा उपयोग होतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचें नांव ठेवण्याची रीत आहे, तशीच तेथेंहि होती. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचें, दुसऱ्याला आईच्या बापाचें. थोरल्या मुलीला आईच्या आईचें, दुसरीला बापाच्या आईचें. मुलांच्या नांवांवरून आजे-आज्यांचा अंदाज बांधतां येतो. मात्र याच चालीमुळें एका गांवांत एकाच नांवाचे चार चुलतभाऊ सांपडतात आणि शोधणारा गोंधळतो. म्हणून नांवाची खूण हा संशयाचा आधार मानावा, निकालाचा नव्हे.

नांव, गांव आणि तारीख यांनीं सांगाडा तयार होतो. त्यावर मांस चढविण्यासाठीं दुसरें साहित्य लागतें. तें सर जॉन सिंक्लेअर यांनीं करून ठेवलें आहे. त्यांनीं स्कॉटलंडच्या नऊशें अडतीस धर्मग्रामांच्या पाद्र्यांस शेंदीडशें प्रश्न पाठविले आणि आलेलीं उत्तरें १७९१ ते १७९९ या काळांत एकवीस भागांत छापलीं. गड्याची मजुरी किती, जोड्याची किंमत काय, लोक खातात काय, जळण कोठून आणतात, हें त्यांत गांववार मिळतें. १८३४ ते १८४५ या काळांत तसाच दुसरा वृत्तान्त निघाला. दोन्ही शेजारीं ठेवून वाचले म्हणजे एका पिढींत गांव कसें पालटलें तें दिसतें.

एवढ्या साधनांनींहि कांहीं गोष्टी सांपडत नाहींत. त्या कोणत्या, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पूर्व लोदियनमधील ओल्डहॅमस्टॉक्स या धर्मग्रामांत स्प्रिंगफील्ड नांवाच्या शेतावर जेम्स सॉमरव्हिल नांवाचा एक मजूर राहत असे. त्याच्या बायकोचें नांव मेरी ऑर्कनी. १८११ च्या मार्चमध्यें त्यांना अकरावें अपत्य झालें. तो मुलगा अलेक्झांडर. ब्रिटनमध्यें नेपोलियनशीं चाललेल्या युद्धाचे ते दिवस. पुढच्याच वर्षीं धान्याचे भाव कळसास पोहोंचले. जेम्स हा ‘अँटीबर्गर’ या पंथाचा होता. १७३३ सालीं राजमान्य चर्चपासून कांहीं लोक फुटले आणि १७४७ सालीं त्यांच्यांतहि पुन्हां दोन तट पडले. त्यांतला हा अधिक कडवा तट. अशा फुटीर मंडळींचे बाप्तिस्मे पुष्कळदां धर्मग्रामाच्या वहींत न येतां त्यांच्या स्वतःच्या मंडळीच्या वहींत येत. म्हणजे निव्वळ गांवची वही उघडणाऱ्यास असल्या कुटुंबाचा पत्ता लागेलच, असें नाहीं.

जेम्सची हकीकत राहिली, ती धाकट्या मुलामुळें. अलेक्झांडरनें लहानपणापासून शेतावर, लांकूडकामावर, दगडाच्या खाणींत अशीं नाना कामें केलीं आणि मग तो घोडदळांत शिरला. १८३२ सालीं, मताधिकाराच्या चळवळींत सैनिक शांत जनतेवर हत्यार धरणार नाहींत, अशा अर्थाचें पत्र त्यानें वर्तमानपत्राला लिहिलें. त्यानंतर लष्करी न्यायालयानें त्याला, वरवर दुसऱ्याच आरोपाखालीं, दोनशें फटक्यांची शिक्षा दिली. पैकीं शंभर बसले. त्या प्रकरणानें सारा देश हादरला. पुढें तो लेखक झाला, १८४८ सालीं त्यानें एका श्रमजीवी माणसाचें आत्मचरित्र म्हणून आपली हकीकत प्रसिद्ध केली, आणि शेवटीं कॅनडांत टोरोंटो येथें १८८५ सालीं तो वारला.

त्या ग्रंथांत स्प्रिंगफील्डच्या घरांचें वर्णन आहे. बारा फूट रुंद, चौदा फूट लांब. भिंती इतक्या ठेंगण्या कीं आंत शिरतांना वांकावें लागे. वर नुसतीं कौलें, खालीं माती. खिडकी नव्हती. जेम्स आणि मेरी यांच्यापाशीं मात्र त्यांची स्वतःची एक खिडकी होती: लहानशा एकाच कांचेची. मुक्काम हलला कीं ते ती बरोबर नेत आणि नव्या घराच्या भिंतींत बसवीत. शाळेंतली एक आठवणहि मुलानें नमूद केली आहे. १८१९-२० च्या अस्वस्थ काळांत मुलें शिपाई आणि बंडखोर असा खेळ खेळत. फाटक्या कपड्यांमुळें अलेक्झांडरला बंडखोरच व्हावें लागे, आणि मग त्याला मार बसे व होते ते कपडेहि फाटत. दिवसाची मजुरी करणाऱ्या त्याच्या आईबापांस तो कपडा पुन्हां करून देणें किती जड गेलें असेल, याची कल्पनाच करावी.

आतां ही कांच कोणत्या दप्तरांत सांपडली असती? खानेसुमारीनें माणसें मोजलीं, कांच मोजली नाहीं. १८५५ पासून दर वर्षीं निघणाऱ्या घरांच्या आकारणीच्या याद्यांत वार्षिक चार पौंडांहून कमी भाड्याच्या घरांतील माणसाचें नांवहि देण्याची सक्ती नव्हती. मग त्याच्या खिडकीची वार्ता कोठून? इंग्लंडच्या सीमेवरील नॉरम गांवचे धर्मोपदेशक गिली यांनीं १८४१ च्या सुमारास सीमेवरील मजुरांच्या घरांविषयीं जाहीर कैफियत मांडली, तेव्हां कोठें जमीनदारांचें लक्ष तिकडे वळूं लागलें. पण एका ठराविक जोडप्यानें उजेड मिळावा म्हणून वर्षानुवर्षें काय केलें, हें त्यांच्या मुलानें लिहिलें म्हणूनच कळलें.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, दप्तरांनीं दिलेला माणूस अपुरा असतो, हें शोधणाऱ्यानें विसरूं नये. अर्ज, शिक्षा, कर आणि मृत्यु एवढ्यांतूनच जो आपणांस भेटतो, त्याच्या आयुष्यांत हसणें, हट्ट आणि उजेडाची आवड नव्हती, असें मानण्याचें कारण नाहीं. ज्या हजारों नांगऱ्यांच्या मुलांनीं ग्रंथ लिहिले नाहींत, त्यांच्या गाड्यांतहि अशी एकादी जपून नेलेली वस्तु असेलच; ती कोणती, हें आतां कळावयाचें नाहीं. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. प्रत्येक घरांत अजून एकादें वृद्ध माणूस असतें, ज्याला आपल्या आजाचें काम, त्याचीं गांवें, त्याच्या घरांतलें सामान आठवतें. दप्तरखान्यांतील कागद आज जसे आहेत तसे पन्नास वर्षांनींहि राहतील. त्या वृद्धाला मात्र आजच विचारलें पाहिजे, आणि तो जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, उतरून ठेवलें पाहिजे.